आधी छप्पर, मग इमारत: बडोद्यात विद्यापीठाची मोठी वास्तू बांधताना

बडोद्यात विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कला शाखेचा घुमट. रॉबर्ट फेलोज चिझम या वास्तुविशारदाने १८८० च्या सुमारास सयाजीराव महाराजांच्या बडोदा कॉलेजसाठी विजापूरच्या गोलघुमटाचा आदर्श समोर ठेवून ही इमारत रचली. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि तिच्याकडे विद्यापीठाचा चेहरा होण्याचं काम आलं. एवढा घुमट पेलायचा म्हणजे खालच्या भिंतींची जाडी, कमानी, कोपरे सगळं त्याच्या हिशेबानेच ठरणार. आजच्या बिल्डिंग कमिट्यांचा क्रम बरोबर उलटा असतो. आधी दर्शनी बाजूचं रंगीत चित्र येतं, मग खोल्यांची यादी, मग फरशीच्या रंगावरून वाद. गच्चीचा विषय निघतो तो निविदा काढायच्या आठवड्यात, आणि तोही 'वरती वॉटरप्रूफिंग घ्या' एवढ्यावर मिटतो.

बडोद्याच्या हवेत हा क्रम महाग पडतो. मार्च ते जून छप्पर भाजून निघतं आणि पुढच्या चार महिन्यांत साधारण ८५० ते ९०० मिमी पाऊस त्याच छपरावर पडतो. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. एखादी समिती, तिच्यावर नेमलेले प्राध्यापक किंवा साइटवर नव्याने रुजू झालेला इंजिनियर यांनी काय ठरवावं आणि सल्लागाराला काय विचारावं, एवढंच सांगायचं आहे. लोखंडाचा आणि काँक्रीटचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनियरच करील.

सोयीसाठी एक काल्पनिक इमारत समोर ठेवू. मधोमध २४ × ३६ मीटरचं वाचनालय, दोन्ही बाजूंना वर्गखोल्यांचे तीन मजली पंख. प्रत्येक पंख ५६ मीटर लांब आणि व्हरांडा धरून १० मीटर रुंद. एकूण छप्पर जवळपास २,००० चौरस मीटर. पुढचे सगळे आकडे या इमारतीचे.

पायरी १: ऊन कुठून येतं ते कागदावर उतरवा

बडोदं २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. मधल्या दिवसांत तर तो थोडा उत्तरेकडून जातो. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांना दुपारी तो ६८ अंशांवर असतो आणि डिसेंबरात ४४ अंशांपर्यंत उतरतो.

दक्षिणेच्या खिडकीचा प्रश्न यातून स्वस्तात सुटतो. दीड मीटर उंच खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढला की मार्चअखेर ते सप्टेंबर दुपारचं ऊन काचेवर पडत नाही आणि थंडीत हवं तेवढं आत येतं. पश्चिमेला मात्र छज्जा कितीही वाढवला तरी फायदा नाही, चार वाजताचं ऊन आडवं येतं. तिथे वर्गच काढू नका. जिने, स्वच्छतागृहं, लिफ्ट, भांडारघर यांची भिंत पश्चिमेला द्या. इमारतीच्या लांब बाजू दक्षिणेला आणि उत्तरेला ठेवा.

उत्तर बाजू निर्धोक, असं बहुतेक पुस्तकांत असतं. ती पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या साधारण २६ अंश उत्तरेकडून उगवतो आणि तेवढाच उत्तरेकडे सरकून मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन घुसतं. तिथे आडव्या छज्ज्याऐवजी ३०-४० सेंटिमीटरच्या उभ्या पट्ट्या लागतात. कारखान्यासारखं दातेरी छप्पर करून वाचनालयात उत्तरेचा उजेड घ्यायचा बेत असेल, तर काच उभी ठेवा आणि तिच्यावर छपराची कड बाहेर काढा. तिरकी काच जूनमध्ये सरळ ऊन पिते आणि जुलैत गळते.

वारा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. वर्गाला समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत खिडक्या हव्यात. म्हणजे मधोमध बोळ आणि दोन्हीकडे वर्ग ही मांडणी बाद, व्हरांडा एकाच बाजूला. जागा जास्त लागते हे खरं. पण व्हरांडा दक्षिणेला घेतला की तोच अडीच मीटरचा छज्जा होतो, पावसात मुलांना उभं राहायला जागा मिळते आणि वर्गाची भिंत तापत नाही. नायजेरियातल्या इफे विद्यापीठात अरिये शेरॉन या वास्तुविशारदाने वरचा प्रत्येक मजला खालच्याहून पुढे काढून इमारतीलाच स्वतःची सावली दिली. आपल्याकडे भूकंपाचा हिशेब घालून एवढी झेप घेणं खर्चिक आहे. व्हरांडा हे काम कमी पैशात करतो.

पायरी २: जमीन आणि पूर

छपराच्या लेखात माती कशाला? कारण बडोद्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया थोडा हलला तरी भेग वरच्या मजल्यावर आणि पॅरापेटमध्ये, म्हणजे गच्चीच्या कठड्यात, दिसते. आपण मग गच्ची गळते म्हणून गच्चीच खणत बसतो. बोअर घेऊन मातीची तपासणी करा. फुगणाऱ्या मातीत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल हा आजमावलेला मार्ग आहे. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: गच्चीचे पाइप पायाशेजारी मोकळे सोडू नका. छपराचं सगळं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरलं की तिथलीच माती फुगते. पाणी बंद गटारातून दूर न्या.

विश्वामित्री नदीचा पूर गृहीत धरूनच जोत्याची पातळी ठरवा. २०१९ आणि २०२४ ला पाणी कुठवर आलं ते आसपासच्या दुकानदारांना विचारा. ते भिंतीवरची रेघ दाखवतील, ती नकाशावरच्या रेषेपेक्षा जास्त भरवशाची. जोतं त्याच्या किमान अर्धा मीटर वर, आणि विजेचे पॅनेल व पुस्तकांचे साठे तळमजल्यावर नकोत. २०२४ च्या पुरात अकोट्याकडे एका घराच्या छपरावर मगर बसलेली सापडली होती. छपराच्या भारात मगर धरायची गरज नाही, पण पाणी कुठवर चढतं याचा त्याहून स्पष्ट पुरावा मागू नये.

पायरी ३: गाळे ठरवा आणि इमारत तोडा

७.५ × १० मीटरच्या वर्गावर साधा आरसीसी स्लॅब आणि बीम पुरेसे. इथे डोकं चालवायची गरज नाही, उलट इथे हुशारी करू नये. एकाच मापाचे गाळे पुन्हापुन्हा आले की सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) प्लेटा त्याच वापरता येतात आणि चुका कमी होतात.

पण ५६ मीटर लांबीचा पंख एकसंध ठेवता येणार नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला प्रसरण-सांधा लागतो. उन्हाने आणि थंडीने काँक्रीट दर मीटरला दर अंशाला साधारण शतांश मिलिमीटर लांबतं. ५६ मीटरला ३० अंशांचा फरक धरला तर १७ मिमी. सांधा तुम्ही दिला नाही तर स्लॅब स्वतः पाडून घेतो, आणि तो पाडतो ती जागा तुमच्या सोयीची नसते. सांधा मधोमध द्या, दोन्ही बाजूंना वेगळे कॉलम, आणि वर दोन्ही कडांना किमान १५० मिमी उंच कठडा घालून त्यावर टोपी. गच्चीच्या पातळीत सपाट सोडलेला सांधा डांबराने भरून वाचत नाही. पंख आणि मधलं वाचनालय यांच्यामध्येही असाच सांधा हवा. बडोदं आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात भूकंप-क्षेत्र तीनमध्ये येतं, त्यामुळे सांध्याची रुंदी फक्त उष्णतेवरून न ठरवता दोन भाग हलताना एकमेकांवर आपटणार नाहीत एवढी ठेवावी लागते.

पायरी ४: मोठ्या दालनावर काय घालायचं

घुमटाचा मोह इथे होतोच. शेजारी कला शाखा असताना समितीतलं कुणीतरी म्हणणारच, 'आपल्याकडेही एक घुमट हवा.'

घुमट हे उत्तम छप्पर आहे, पण त्याच्या अटी पाळल्या तर. विटेचा घुमट वरच्या भागात सगळीकडून दाबला जातो, म्हणून वीट खूश असते. अर्धगोल घुमटात माथ्यापासून साधारण ५२ अंश खाली आलं की चित्र पालटतं: तिथून खालची वर्तुळं बाहेर फाकू पाहतात आणि विटेला ताण सोसत नाही. जुन्या कारागिरांनी यावर तळाशी भिंत जाड करून आणि वजन वाढवून इलाज केला. गोलघुमटात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घुमटाचं वजन आत ओढून चौकोनी भिंतींवर उतरवतात. आज तेच काम तळाच्या आरसीसी रिंग-बीमकडे, म्हणजे घुमटाला बांधून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या कड्याकडे, जातं. कमानींनाही हाच नियम. अहमदाबादच्या आयआयएममध्ये वास्तुविशारद लुई कानने विटेच्या पसरट कमानींना काँक्रीटचे आडवे ताण दिले, ते सौंदर्यासाठी नव्हेत. ताणाशिवाय कमान भिंतींना बाहेर ढकलते.

पूर्वी विटेचा घुमट एकेक वर्तुळ पूर्ण करत, पूर्ण सेंटरिंगशिवायही चढवत. पुरं झालेलं वर्तुळ स्वतःला धरून ठेवतं. असे गवंडी आणि हिशेब करणारा जाणकार इंजिनियर हाताशी असेल, तर मध्यम आकाराचा विटेचा घुमट आजही विचारात घ्यावा. नसेल तर सोडून द्या. सपाट स्लॅबवर फायबरग्लासची टोपी बसवून तिला घुमट म्हणायचं, हा प्रकार मात्र मुळीच नको. आत काही नाही, बाहेर चार वर्षांत रंग उडतो आणि बुडख्याशी पाणी मुरतं ते वेगळंच.

आपल्या २४ × ३६ मीटरच्या वाचनालयाला मी पोलादी कैच्या सुचवीन. २४ मीटरचा गाळा, साधारण २ मीटर खोल कैची, दर ६ मीटरला एक, म्हणजे सात कैच्या. दोन पाखी, मध्ये आढं, उतार दहाला एक. आढ्यापासून पन्हळीपर्यंतचं अंतर १२ मीटरच्या जरा वर. एवढ्या लांबीचा पत्रा अखंड मिळतो, मग मध्ये आडवा जोड कशाला ठेवायचा? पत्र्याचं छप्पर गळतं ते बहुधा जोडातून आणि स्क्रूच्या भोकातून. म्हणून उभ्या घडीने एकमेकांत अडकणारे, वरून स्क्रू न दिसणारे पत्रे घ्या. १२ मीटरचा पोलादी पत्रा ४५ अंशांच्या फरकाने साडेसहा मिमी लांबतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून ते एका टोकाला पक्के आणि बाकी सरकत्या क्लिपांवर हवेत.

दोन छपरांच्या मधली आतली पन्हळ टाळता येत असेल तर काहीही करून टाळा. कितीही रुंद केली तरी ती पाणी इमारतीच्या आतच जमवते. बाहेरच्या कडेची पन्हळ तुंबली तर पाणी अंगणात पडतं. आतली तुंबली तर पुस्तकांवर.

कौलांचं काय, असंही विचारलं जातं. मंगलोरी कौलांना किमान २५-३० अंशांचा उतार लागतो, २४ मीटरच्या दालनावर आढं फार उंच जातं आणि माकडांपासून ती वाचवणं हा स्वतंत्र विभाग उघडायचा विषय होतो. व्हरांड्यावर, कँटीनवर, छोट्या चर्चाकक्षांवर जरूर घाला. तिथे ती गार आणि देखणी असतात.

पायरी ५: उष्णता अडवा, तीही वरच्या बाजूला

मे महिन्याच्या दुपारी आडव्या छपरावर चौरस मीटरला जवळपास हजार वॉटपर्यंत ऊन येतं. कुठल्याही भिंतीवर एवढं येत नाही. १५० मिमीचा उघडा स्लॅब ही उष्णता लगेच खाली देत नाही, चार-पाच तास मुरवतो. म्हणजे दुपारी एकचं ऊन संध्याकाळी पाच-सहाला खालच्या खोलीत उतरतं. यावरून ठरवा: इमारतीत फक्त सकाळचे वर्ग भरणार असतील तर कोबा (विटांचे तुकडे आणि मसाला यांचा थर) आणि पांढरा चायना मोझेक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) पुरे. रात्रीपर्यंत उघडी अभ्यासिका किंवा वसतिगृह असेल तर स्लॅबवर उष्णतारोधक थर हवाच. ७५ मिमीचा एक्सपीएस फोमचा (पॉलिस्टायरीनच्या कडक पाट्यांचा) थर घातला की छतातून येणारी उष्णता उघड्या स्लॅबच्या साधारण दहाव्या भागावर येते.

हा थर स्लॅबच्या वर घालायचा, खाली नाही. खाली फॉल्स सीलिंगमध्ये घातला तर खोली गार राहील, पण स्लॅब स्वतः रोज तापेल आणि रोज निवेल. त्याने भेगा वाढतात. शिवाय सीलिंगच्या आड गळती सुरू झाली तर ती महिनोन् महिने दिसत नाही. पांढऱ्या पृष्ठभागाचा फायदा खरा आहे, मात्र बडोद्याच्या धुळीत तो टिकवावा लागतो. उन्हाळ्याआधी गच्ची धुतली नाही तर पांढरा मोझेक राखाडी होतो आणि निम्मा फायदा जातो.

वाचनालयाच्या पत्र्याखाली किमान १०० मिमीचा खनिज-लोकरीचा थर ठेवा. त्याचा दुसरा उपयोग पावसाच्या आवाजासाठी आहे. उघड्या पत्र्याखाली जुलैत शिकवून पाहिलेल्या प्राध्यापकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ६: पाणी. इथे घाई करू नका

छपराच्या कामातला निम्मा वेळ इथे द्या.

आधी उतार. गच्चीला शंभराला एक यापेक्षा कमी उतार नको. नेहमीची रीत अशी की स्लॅब सपाट टाकायचा आणि ब्रिकबॅट कोब्याने उतार काढायचा. हिशेब करून पाहा. खुऱ्याशी, म्हणजे गच्चीचं पाणी पाइपात शिरतं तिथे, कोबा ६५ मिमी धरला, तर १० मीटर दूरच्या कडेला तो १६५ मिमी होतो. सरासरी ११५ मिमी. चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन, म्हणजे गच्चीवर माणसं चढतील म्हणून धरायच्या १५० किलोंपेक्षा जास्त. वरच्या स्लॅबवर आणखी मजला येणार नसेल तर तो स्लॅबच उतारात टाका आणि कोबा सगळीकडे ६५ मिमीच ठेवा. आपल्या दोन पंखांवर यानेच शंभर टनांच्या आसपास वजन वाचतं. ठेकेदार कुरकुरतो, कारण सेंटरिंगची पातळी धरायला त्रास होतो. कुरकुरू द्या. आणखी मजला चढवायचा बेत खरंच असेल तर मात्र सपाट स्लॅब आणि कोबा हाच पर्याय, आणि ते वजन डिझाइनमध्ये धरलं आहे ना, एवढं लेखी विचारून घ्या.

आता पाइप. एक मिमी पाऊस एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. तासाला १०० मिमीच्या सरीत २,००० चौरस मीटरवरून सेकंदाला ५५ लिटर पाणी खाली यायला हवं. या तीव्रतेला १०० मिमीचा पाइप साधारण ८५ चौरस मीटरचं पाणी उतरवतो आणि १५० मिमीचा २५० चौरस मीटरचं, असं इथे धरू; नेमका आकडा सल्लागाराकडून राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या तक्त्यात तपासून घ्या. बडोद्यात ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिमी पाऊस पडला आणि त्यातला मोठा भाग काही तासांतच कोसळला. म्हणून मी तासाला १५० मिमी धरीन. मग १५० मिमीचा पाइप १६७ चौरस मीटरला पुरतो. ५६० चौरस मीटरच्या एका पंखाला चार पाइप, आणि एक तुंबणार हे धरून पाचवा. १०० मिमीचे पाइप घेऊ नका. पिंपळाची चार पानं आणि एक कबुतराचं घरटं त्यांना पुरतं.

वाचनालयाच्या पाख्यांचं पाणी पंखांच्या गच्चीवर सोडणार असाल तर ते क्षेत्रही त्या गच्चीच्या हिशेबात धरा. एका पाख्याचे ४३२ चौरस मीटर चुकून विसरले जातात आणि मग जिथे चार पाइप लागत होते तिथे सहा लागतात. त्यापेक्षा पाख्याची पन्हळ थेट आपल्या पाइपांनी जमिनीवर उतरवलेली बरी.

पुढची सूचना नकाशात शोधा, नसेल तर घालून घ्या: पॅरापेटमध्ये गच्चीच्या पातळीपासून ७५ मिमी वर आरपार झोत-नळ्या. सगळे खुरे तुंबले तर पाणी या नळ्यांतून बाहेर उडतं आणि खालच्या माणसाला कळतं की वर काहीतरी झालं आहे. नळ्या नसतील तर पॅरापेट गच्चीला हौद बनवतो. ३०० मिमी पाणी साठलं म्हणजे चौरस मीटरला ३०० किलो, जमेस धरलेल्या भाराच्या दुप्पट. मोठ्या सपाट छपरांना कोसळण्याचा धोका असतो तो बऱ्याचदा इथे, माणसांच्या गर्दीने नव्हे.

थरांचा क्रम असा ठेवा. स्लॅबचं क्युरिंग पूर्ण झाल्यावर आधी त्याच्यावरच गच्चीभर पाणी बांधा आणि तीन दिवस खालून पाहा. जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करून आधी तिथला इलाज. मग सिमेंटची स्लरी, विटांचे तुकडे उभे रचून त्यांच्या फटीत वॉटरप्रूफ मसाला, पॅरापेटच्या कोपऱ्यात गोल वाटा (मसाल्याची गोलसर कड) किमान ३०० मिमी वरपर्यंत चढवलेला, वर चायना मोझेक. विटांचे तुकडे आधी भिजवलेले हवेत. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढते आणि कोबा पोकळ वाजतो. फोमचा थर असेल तर पाणी अडवणारा पडदा त्याच्या खाली, स्लॅबला चिकटून. पुन्हा तीन दिवस पाणी. ही दुसरी चाचणी झाल्याशिवाय बिल पास होणार नाही, हे निविदेतच लिहा. मुकादम म्हणेल, 'साहेब, एवढं पाणी टँकरने आणायचं कुठून?' टँकरचे पैसे निविदेत वेगळे दाखवा, वाद मिटतो.

या पाण्याचा उपयोगही करता येतो. वर्षाचे ८५० मिमी, २,००० चौरस मीटर, आणि वाया जाणारा पाचवा भाग सोडला तरी साडेतेरा लाख लिटरच्या वर पाणी हाती लागतं. सगळं साठवायला टाकी परवडत नाही. पहिल्या सरीचं पाणी सोडून देऊन बाकीचं इमारतीपासून दूरच्या पुनर्भरण-विहिरीत घाला. दूर का, ते पायरी दोनमध्ये आलंच आहे.

पायरी ७: वारा छप्पर उचलतो

छपरावर वजन खाली येतं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पत्र्याच्या बाबतीत भीती उलटी आहे. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात बडोद्याचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. त्यात उंची, आजूबाजूचा मोकळेपणा आणि छपराचा आकार यांचे गुणक लागतात, आणि कडांना व कोपऱ्यांत वरच्या दिशेची ओढ याच्या दीड-दोनपटही जाते. उलट पत्र्याचं स्वतःचं वजन पाच किलो. पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या दांड्या) आणि लोकर धरली तरी वीस-पंचवीस.

म्हणून सल्लागाराला दोन प्रश्न विचारा. कडेच्या दोन मीटर पट्ट्यात क्लिपा आणि पर्लिन दाट केले आहेत का? आणि कैचीपासून कॉलमच्या बोल्टपर्यंत उचल घेणारी साखळी कुठेही तुटत नाही ना? याचं उत्तर 'पत्रा जाड घेतलाय' असं आलं तर प्रश्न पुन्हा विचारा. दालनाच्या मोठ्या खिडक्या वाऱ्याच्या बाजूने फुटल्या किंवा उघड्या राहिल्या तर आतूनही दाब वर ढकलतो, तोही हिशेबात हवा.

पायरी ८: आवाज

गोलघुमटात कुजबुज फिरते ते ऐकायला लोक विजापूरला जातात. व्याख्यानाच्या सभागृहात तोच गुण दोष ठरतो: आतून गोल छत आवाज एका जागी गोळा करतं आणि बाकीच्यांना प्रतिध्वनी देतं. व्हेनेझुएलातल्या काराकासच्या विद्यापीठात वास्तुविशारद व्हियानुएवाच्या 'आउला माग्ना' सभागृहात १९५० च्या दशकात शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने छताखाली रंगीत लाकडी फलक ढगांसारखे टांगले. दिसतात शिल्पासारखे, काम करतात आवाज विखुरण्याचं. आपल्या वाचनालयाला इतकं नको. कैच्यांच्या खालच्या दांड्यांमध्ये भोकांचे ध्वनिशोषक फलक सोडून सोडून बसवा. छत पूर्ण झाकू नका, वरची गळती दिसायला हवी.

पायरी ९: छपरावर नंतर काय चढणार ते आधी ठरवा

छप्पर उत्तम झालं तरी तीन वर्षांत गळतं, आणि त्याचं कारण बहुतेकदा नंतर आलेला माणूस असतो. एसीवाला बाहेरच्या युनिटसाठी कोब्यात भोक पाडतो, सोलरवाला पायांसाठी, इंटरनेटवाला खांबासाठी. प्रत्येकाचं काम अर्ध्या तासाचं असतं. म्हणून स्लॅब टाकतानाच ठरलेल्या रांगांत ३०० मिमी उंच काँक्रीटचे ओटे घालून घ्या, त्यांच्याभोवतीही वाटा चढवा, आणि केबलसाठी एकच वरून वाकलेला पाइप ठेवा. सोलर पॅनेल पत्र्याच्या छपरावर घालायचे असतील तर घडीला चिमट्याने धरणारे क्लॅम्प वापरायचे, पत्र्याला भोक नाही. त्यांचं वजन आणि त्यांच्यावरचा वारा दोन्ही पायरी सातच्या हिशेबात आधीच धरावे लागतात. पाण्याच्या टाक्या मोकळ्या गच्चीवर नकोत, जिन्याच्या टोपीवर घ्या. तिथे कॉलम खालीच असतात.

पत्र्याच्या छपरावर चढायला कायमची शिडी, चालायला जाळीची पायवाट आणि कमरेचा पट्टा अडकवायला तार हवी. ती नसेल तर पन्हळ साफ करायला कुणी वर जाणार नाही, आणि गेला तर त्याच्या जिवाशी खेळ.

पायरी १०: वर्षाचं वेळापत्रक

निविदेत पाच वर्षांची छपराची देखभाल वेगळ्या दराने मागा, गॅरंटीच्या कागदावर विसंबू नका. एप्रिलमध्ये गच्ची धुणं आणि पोकळ मोझेक ठोकून पाहणं. मेअखेर खुरे, जाळ्या, पन्हळी साफ, प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओतून खाली निघतं का ते पाहणं. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्याच्या छताची खालून पाहणी आणि ओलीचे फोटो, जागेच्या खुणेसह. पॅरापेटमधलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच मुळासकट काढायचं. ते हातभर झालं की भिंत फोडावी लागते. ऑक्टोबरात सांधे, क्लिपा आणि झोत-नळ्या तपासायच्या.

या सगळ्यासाठी एक नोंदवही आणि एक नाव लागतं. विद्यापीठात गच्चीची किल्ली शिपायाकडे, बजेट इंजिनियरिंग विभागाकडे आणि तक्रार विभागप्रमुखाकडे अशी वाटणी असते. हस्तांतराच्या दिवशीच किल्ली, नोंदवही आणि छोट्या दुरुस्तीची रक्कम खर्चण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, आणि त्याची बदली झाली तर पुढच्याला वर नेऊन प्रत्येक खुरा दाखवूनच सही घ्या.